एकवीस देवांची अबोली

समुद्राच्या तोंडावर फुलझाडं होत नाहीत असं म्हणणारा माणूस आळशी असतो. हे वाक्य माझं आहे. चहाच्या दुकानात, चारचौघांत, एक पाय बाकड्यावर ठेवून मी ते बोललो होतो. आज कुणी ते मला ऐकवलं, तर त्याचं पत्र माझ्या पिशवीत सगळ्यात खाली जातं.

मी हरिश्चंद्र, गावचा पोस्टमन. आमचं गाव कुणकेश्वरच्या अलीकडे, समुद्राला चिकटलेलं. माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं मी लोकांची उघडी पोस्टकार्डं वाचून शिकलो, आणि ते शाळेपेक्षा चांगलं शिक्षण आहे. कार्डात जागा थोडी असते, खोटं बोलायला उरत नाही.

आमचा जिल्हा नवा झाला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, दिवाळी संपता संपता, एक कार्ड माझ्याच घरचं निघालं. बांद्याहून आलेलं. आनंदीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या भावाचं. गुरुदासने लिहिलं होतं की त्याच्या मुलीचं, शुभदाचं लग्न वैशाखात ठरलं, सगळ्यांनी आठ दिवस आधी यावं. मी ते वाटेतच वाचलं आणि घरी जाऊन नियमाप्रमाणे आनंदीच्या हातात दिलं.

भाचीचं लग्न ठरलं म्हटल्यावर बाई आनंदाने उडायला हवी. ही पायरीवर बसली आणि समोरच्या वाळूकडे बघत राहिली.

कारण होतं कावेरी. गुरुदासची बायको. तिचं बांद्याचं घर नदीच्या अंगाला. तांबडी माती, पोफळीची सावली, बारमाही पाणी. तिथे छत्री उघडी विसरली तरी चार दिवसांत तिला कळ्या येतील. अबोली तर तिच्या अंगणात गवतासारखी. ही कावेरी मागच्या चतुर्थीला माझ्या बायकोला सगळ्या बायकांसमोर म्हणाली होती, "वन्सं, तुमच्या दारात सुक्या बांगड्यांपरास दुसरा काय फुलता काय ओ?" सगळ्या हसल्या. आनंदीही हसली. एस्टीत बसेपर्यंत हसत होती. घरी आल्यावर मात्र दोन दिवस नीट जेवली नाही.

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस वर्षांत तिने दारचं फूल म्हणून कधी केसात घातलं नव्हतं. कुणाकडून मागून, नाहीतर देवळातला प्रसाद. त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "अवो, माका सोना नको, साडी नको. शुभदाच्या लग्नाक माज्या दारच्या अबोलीचो वळेसार माळून जावचा आसा. एकच."

वळेसार म्हणजे आमच्याकडचा गच्च गुंफलेला गजरा. एवढीशी गोष्ट. कुणाही शहाण्या नवऱ्याने मान हलवली असती आणि गप्प बसला असता. मी म्हणालो, "एक? टोपली भरून नेऊ."

आणि नुसतं म्हणून थांबलो नाही. त्याच दिवशी गुरुदासला कार्ड टाकलं: लग्नात बायकांच्या डोक्यासाठी फुलं आणू नका, आमच्या दारची टोपलीभर आणतो. कार्ड मीच टाकलं, शिक्का मीच मारला. आता ते परत येणार नव्हतं.

वाफा कुठे काढायचा यावर पहिलं भांडण झालं. आनंदीचं म्हणणं, घराच्या मागे, न्हाणीच्या अंगाला काढा. तिथे वारा लागत नाही आणि अंघोळीचं पाणी आयतं मिळतं. मी साफ नाही म्हटलं. न्हाणीच्या मागे बाग लावायची आणि बघायची कुणी, बेडकांनी? बाग दारासमोर हवी, रस्त्यावरून जाणाऱ्याने सायकलवरून उतरून बघायला हवी. माझ्या दारासमोर पश्चिम होती, आणि पश्चिमेला साठ पावलांवर समुद्र. पण ऊन काय मिळायचं! सकाळी दहापासून संध्याकाळी बुडेपर्यंत भट्टीसारखं. वर्तमानपत्रात बागेवर लिहिणारा एक विद्वान मी वाचला होता, त्याने लिहिलं होतं की फुलझाडांना भरपूर सूर्यप्रकाश द्यावा. तो पुण्यात गच्चीवर राहत असणार. त्याच्या कुंड्यांवर कधी खारा वारा थुंकला नसणार. अशा माणसांना लेख लिहायला देतात आणि माझ्यासारख्याचे लेख साभार परत येतात, आणि परत आलेले लेख मलाच माझ्या घरी पोचवावे लागतात. असो.

मी चिरे लावून वाफा आखला. सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावरून, तांबडी माती आणून ओतली. मग बांद्याच्या आठवड्याच्या बाजारात जाऊन झाडं निवडली. निवडली म्हणजे काय, सगळ्यात देखणी होती ती उचलली. गुलाब चार, शेवंती सहा, मोगरा तीन, आणि डेलिया. हो, डेलिया! परातीएवढं फूल येतं म्हणाला विकणारा. आणि शेवटी बायकोची म्हणून अबोलीची दोन रोपं. समुद्राजवळ जगतील का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, जगतील की, समुद्राजवळ माणसं जगत नाहीत का? मला ते उत्तर पटलं. यावरून माझी तेव्हाची अक्कल समजावी.

शेजारी दाजी राहतात. जन्मभर बोटीवर खलाशी होते, आता ओट्यावर बसून वाऱ्याची दिशा सांगतात. मी रोपं लावत होतो तेव्हा ते काठी टेकत आले, डेलियाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हरी, हेका पोवता येता काय रे?"

डेलियाने पोहायचं कशाला? मला वाटलं म्हातारा जळतोय.

नऊ दिवस. नऊ दिवसांत डेलिया कांद्याच्या सालीसारखी झाली. गुलाबाची पानं कडांनी करपली, मग मधे करपली, मग पान कुठलं आणि करपणं कुठलं हे कळेना. शेवंतीने तर मान टाकली ती अशी, की बघणाऱ्याला सांत्वन करावंसं वाटावं. संध्याकाळी पानावर बोट फिरवलं की मीठ लागायचं. मी चाटून बघितलं. आनंदीने मला वाफ्यात ओणवं होऊन पानं चाटताना बघितलं आणि ती आत गेली.

मी हार मानणारा नाही. मी कुंपण घातलं. माडाच्या झापांचं, पुरुषभर उंच, समुद्राच्या बाजूने आणि रस्त्याच्या बाजूने. दुसरी रोपं आणली, तीच, डेलिया सोडून. वारा अडला. पानं हिरवी राहिली. पंधरा दिवस सगळं इतकं छान चाललं होतं, की मला एक नवीन दुःख झालं: रस्त्यावरून काहीच दिसत नव्हतं. लोक म्हणायला लागले, पोस्टमनने मागे न बांधता संडास पुढे बांधला की काय. हे मला सहन होईना. मी कोयता घेतला आणि रस्त्याच्या बाजूने कुंपणाला एक खिडकी पाडली. दोन हात रुंद, दीड हात उंच. बघणाऱ्याच्या सोयीची.

खिडकीसमोर समुद्राच्या बाजूचा एक झाप सैल होता. तो त्याच आठवड्यात उडाला. आता दोन भोकं समोरासमोर आली, आणि खारा वारा त्यांतून असा शिट्टी घालत जायला लागला की दाजींना वाटायचं बोट लागली. वाफ्यातली बाकीची झाडं ठीक होती. नेमका खिडकीसमोरचा पट्टा, लोकांनी बघावा म्हणून मी अबोली आणि मोगरा लावलेला, तेवढाच भांग पाडल्यासारखा वाळला.

"झाडां मेली," आनंदी म्हणाली, "आणि सगळ्यांका दिसली."

पौष आला. उरलेल्या झाडांना ताकद हवी म्हणून मी खत शोधलं. आमच्याकडे माडाला मासळीची कुटी घालतात आणि माड कसे वाढतात ते जगाला माहीत आहे. यशोदा मासे सुकवून विकते. तिच्या खळ्यावर कुटीचा ढीग पडलेला असतो. मी विचारलं, ती म्हणाली, ने. मी चार पाट्या आणल्या आणि प्रत्येक झाडाच्या मुळात हात भरून घातली. माडाला मूठभर लागते तर गुलाबाला ओंजळभर लागणार, असा माझा हिशोब. झाड लहान, म्हणून त्याला जास्त खाऊ घालायला नको का?

पहिल्याच संध्याकाळी मांजरं आली. आमच्या वाडीतली आली, वरच्या वाडीतली आली, आणि काही मांजरं अशी आली की ती कुठल्या गावची ते मला पत्ते पाठ असूनही सांगता येईना. सगळी मांजरं खिडकीतून आत शिरली. खिडकी त्यांच्या मापाची होती. सकाळी बघतो तर वाफा नांगरलेला. उरलीसुरली झाडं मी पुन्हा उभी केली, तर तीही चार दिवसांत पिवळी पडून गेली. मी यशोदाकडे जाब विचारायला गेलो. ती म्हणाली, माडवाल्यांना देते तो ढीग पलीकडचा. तुम्ही नेलात तो खारवलेल्या माशांचा. तुम्ही काही विचारलं नाहीत, मला वाटलं लोणचं घालायचं असेल.

म्हणजे समुद्राने बाहेरून मीठ घातलं होतं, ते मी आतूनही घातलं. झाडांना पळायला वाट ठेवली नाही.

त्या दिवशी मी वाफ्याच्या चिऱ्यावर डोकं धरून बसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. वैशाखाला तीन महिने राहिले होते. बांद्याहून गुरुदासचं उलट कार्ड आलं होतं: कावेरी म्हणते, भावोजी फुलं आणणार म्हणून आम्ही फुलांचं काहीच बघत नाही. मी ते कार्ड आनंदीला दिलं नाही. पोस्टात काम करून मी कुणाचं टपाल दाबलं असेल तर ते एवढंच.

आणि नेमकं त्याच दिवशी अप्पा आले.

अप्पा आमचे गावकर. रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. वय सत्तर, आवाज शंखासारखा. त्यांनी वाफा बघितला, मांजरं बघितली, मला बघितलं, आणि निकाल दिला: तू जमीन खणलीस ती देवाला न विचारता. ही वाट जागेवाल्याची, जागा राखणाऱ्या देवाची. गाऱ्हाणं घालून घे.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे मी चहाच्या दुकानात अनेकदा सांगितलं आहे. पण बुडत्या माणसाचं मत कोण विचारतो? मी नारळ घेऊन गेलो. जाताना अप्पांच्या कानात सांगितलं, देवाला सांगा, झाडं जगू देत, पहिलं फूल तुला वाहतो. पहिलं. फूल. एक. हे मी बोटाने दाखवूनही सांगितलं.

आता गाऱ्हाणं म्हणजे काय ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. म्हणणारा एकेक वाक्य चढत्या आवाजात देवापुढे टाकतो आणि जमलेल्यांनी एका तोंडाने व्हय म्हाराजा म्हणायचं. तिसऱ्या वाक्याला माणसाचं डोकं बंद पडतं आणि तोंड आपोआप उघडतं. देवळात दहाबारा जण होते. अप्पांनी डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज जो काय ह्यो तुझो लेकरू हरिश्चंद्र, दारोदार पत्रां वाटता आणि पोट भरता..."

"व्हय म्हाराजा!"

"तेना तुका न इचारता समुद्राच्या तोंडार वाफो काढल्यान, ती तेची चूक पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"तेची अबोली फुलांदी, आणि तेच्या दारचो पयलो वळेसार तुझ्या पायार पडांदी..."

"व्हय म्हाराजा!" यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. फुलाचा वळेसार झाला हे मला कळेपर्यंत अप्पा पुढे गेले होते. "आणि तसोच एक पावणाईक, तसोच एक भूमकेक, गांगोक एक, ब्राह्मणदेवाक एक..." अप्पा कुणालाही वगळणारे नाहीत. एक देव वगळला तर तो रुसेल, आणि रुसला तर खापर अप्पांवर. वेशीवरचा देवचार झाला, पाणवठ्यावरची देवी झाली, वेताळ झाला, सड्यावरच्या दगडाला शेंदूर कुणी लावला कुणालाच माहीत नाही, त्यालाही एक झाला. प्रत्येकाला मी व्हय म्हाराजा म्हणत गेलो. हात जोडून, डोळे मिटून, घशाच्या शिरा ताणून.

गाऱ्हाणं संपलं तेव्हा मी हळूच विचारलं, किती झाले?

"एकवीस," अप्पा प्रसन्नपणे म्हणाले. "एकवय रवलो नाय."

एका वळेसाराला शंभर-सव्वाशे फुलं लागतात. एकवीस वळेसार देवांचे, मग बाविसावा बायकोचा. आणि माझ्या वाफ्यात त्या दिवशी दोन मांजरं होती, बाकी काही नव्हतं.

घरी येऊन मी आनंदीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, आता तुम्ही वाफ्यात हात घालू नका. एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती किनाऱ्याने चालत गेली. पार टोकाच्या खडकापर्यंत, आणि परत. काय करत होतीस विचारलं, तर म्हणाली, वाऱ्यात उभं कोण राहिलंय ते बघत होते. तिने जी झाडं आणली ती कुठल्या बाजारातली नव्हती. कण्हेरीच्या फांद्या, जिच्याकडे गुरंही बघत नाहीत. वाळूत आपोआप उगवणारी सदाफुली. पडक्या घराच्या दगडी गडग्यावरची बोगनवेल, काट्यांसकट. जास्वंदीची जून, जाड काठी. मी म्हणालो, ही काय झाडं आहेत? ही तर फुकट दिसतात. तिने कण्हेर समुद्राच्या बाजूला दाट रोवली, तिच्या मागे जास्वंद आणि बोगनवेल, पायथ्याला सदाफुली. खारी माती उपसून टाकली, खिडकी बुजवली. आणि या सगळ्यांच्या आडोशाला, घराच्या भिंतीलगत, अबोलीची आठ रोपं लावली. तांदूळ धुतलेलं पाणी, भांड्यांचं खरकटं पाणी, एक थेंब तिने वाया जाऊ दिला नाही.

आणि अबोली धरली! नुसती धरली नाही, फाल्गुन सरता सरता तुरे आले. पहिलं फूल उमललं तेव्हा आम्ही दोघं वाफ्यापुढे असे उभे होतो, जसे लोक बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे राहतात.

पण श्रेय कुणाला मिळालं? रवळनाथाला! आणि अप्पांना. सगळा गाव म्हणाला, गाऱ्हाणं लागू पडलं. माझ्या बायकोची कंबर दोन महिने त्या वाफ्यात वाकलेली होती, ती कुणाला दिसली नाही. मी हे चारचौघांत बोललो, तर मलाच गप्प केलं, म्हणाले, देवाच्या तोंडावर असं बोलू नये. मी म्हणतो बोलावं. देवाला चालतं. त्याच्या भोवतीच्यांना चालत नाही.

मग सुरू झाली वळेसारांची फेड. आठ रोपांची फुलं साठवून तीन दिवसांनी एक वळेसार होई. आनंदी दुपारी पायरीवर बसून तो गुंफायची, केळीच्या सोपटाचा दोरा ओला करून, एकेक फूल दाबून. काय सुंदर गुंफायची! संपला की एकदा हातात उचलून बघायची, आणि केळीच्या पानात बांधून माझ्या हातात द्यायची. मी पत्रांच्या पिशवीत टाकून नेऊन घालायचो. पहिला रवळनाथाला. दुसरा पावणाईला. ती गुंफत होती आणि देव माळत होते. तिच्या बोटांना अबोलीचा रंग लागला होता, केसात मात्र काही नव्हतं.

अप्पा बरोबर मोजायचे. शिवाय आता वाफा देवाचा झाला होता, त्यामुळे कुणी फूल तोडेना, उलट लांबून हात जोडून जायला लागले. रस्त्यावरून माणसं सायकलवरून उतरत होती, मला हवं होतं तसंच. फक्त बघत नव्हती, नमस्कार करत होती.

चैत्र गेला. मी दिवस मोजले. लग्नापर्यंत सतराच वळेसार होत होते. मी अप्पांकडे गेलो, म्हणालो, चार राहतील, ते लग्नानंतर देतो. मधे एक बायकोला माळू द्या. अप्पा अजिबात रागावले नाहीत, हेच जास्त वाईट. ते म्हणाले, हरकत नाही, मुदत मागू देवाकडे, परत एक गाऱ्हाणं घालतो, फक्त मुदतीचे म्हणून दोनचार वळेसार वर लागतील. मी चप्पल विसरून घरी आलो.

आठ दिवस आधी जाणं वळेसारांपायी राहूनच गेलं. लग्नाच्या दिवशी सकाळी सतरावा वळेसार तयार होता. पहिली गाडी आठची. मी ठरवून टाकलं. वळेसार घेतला आणि आनंदीपुढे धरला.

"माळ," मी म्हणालो. "आज पाळी वेताळाची. त्याला आजवर काही मिळालं नाही तरी तो मेला नाही. एक दिवस थांबेल. अप्पांचं मी बघतो."

तिने हात पुढे केला. खरंच केला. बोटं वळेसाराला लागली. मग तिने हात मागे घेतला.

"नको," ती म्हणाली. "आज शुभदाचा लगीन. फुडे तिच्या संसारात कधी काय वाकडा झाला, तर सगळे माज्या डोक्यातलो वळेसार काढतले. मी पण काढतलंय."

चहाच्या दुकानात माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं. मी तो वळेसार घेतला आणि सायकल मारत वेताळाकडे गेलो. दगडावर ठेवताना मी त्याला जे बोललो ते छापता येणार नाही. परत आलो तर गाडी सुटता सुटता मिळाली. आनंदी नवं लुगडं नेसून, केसांचा बिनफुलांचा अंबाडा घालून खिडकीशी बसली होती. माझ्या मांडीवर टोपली होती. मी वचन दिलेली. तिच्यात भाचीसाठी आणलेला खाऊ होता.

मांडवाच्या दारातच कावेरी उभी होती. हातात पितळेचं ताट, ताटात वळेसारांची रास. माझ्यावर भरवसा ठेवून ही बाई फुलांशिवाय राहील, हे मला वाटलंच कसं! येणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यात ती एकेक खोचत होती. तिने आधी माझी टोपली बघितली. मग आनंदीचं डोकं बघितलं. पुढून बघितलं, वाकून मागून बघितलं. भोवती दहापंधरा बायका होत्या, आणि कावेरीला त्या होत्या याचं भान चांगलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "भावोजींनी टोपली भरून लिवलेली. तुमच्या दारची फुलां खंय गेली?"

मी जमिनीकडे बघितलं. जमीन दुभंगत नाही, ते सगळं जुन्या काळी होतं.

"देवाक गेली," आनंदी म्हणाली.

आवाज अगदी साधा. "आमच्या दारची अबोली डोक्यात घालूची नसता, वयनी. गाऱ्हाणा झालला आसा. रवळनाथापासून वेताळापर्यंत एकवीस देव आसत, तेंका जाता. देवाच्या फुलांक मी हात कसो लावू?"

मग एका म्हातारीने विचारलं, एकवीस? सगळ्यांना? आनंदी म्हणाली, सगळ्यांना. दुसरीने विचारलं, समुद्राच्या तोंडावर एवढी फुलं येतात? आनंदी म्हणाली, देवाची इच्छा. इतक्यात म्हातारीने आनंदीच्या हाताला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला, आणि मग सगळ्याच पुढे आल्या. कावेरी ताट घेऊन उभीच. तिच्या ताटात दोनशे वळेसार होते आणि एकदम ते सगळे बाजारचे दिसायला लागले.

कावेरी हुशार आहे, सहज सोडणारी नाही. ती म्हणाली, "नवसाचे असतले. एकवीस फिटले की झाला."

"फिटतत कसले?" आनंदी म्हणाली. "रोजचा आसा ह्या. रोज एकवीस देवांक आमच्या दारचा फूल. ह्ये सोता नेवन घालतत."

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? तोंड आपोआप उघडलं. मी म्हणालो, "व्हय."

अक्षता झाल्या, जेवणं झाली, शुभदा रडली, मीही थोडा रडलो, माझी कारणं वेगळी होती. परतीच्या गाडीत आनंदीच्या केसात कावेरीने खोचलेला वळेसार होता. सावंतवाडी मागे पडल्यावर तिने तो काढला आणि पुढच्या बाकावरच्या एका लहान मुलीला दिला. मी विचारलं, एवढं खोटं कशाला बोललीस?

"खोटां खंय?" ती म्हणाली. "फाल्यापासून खरां." म्हणजे उद्यापासून.

आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. इतक्या गाढ ती कित्येक महिन्यांत झोपली नव्हती.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. राहिलेले चार वळेसार केव्हाच फिटले. मी रोज सकाळी पत्रांच्या पिशवीत एकवीस फुलं घेऊन निघतो. सड्यावरच्या दगडापर्यंत चढ आहे, सायकल ढकलावी लागते. यांपैकी एकाही देवाला आजवर पत्र आलेलं नाही, पण माझी फेरी चुकत नाही. उन्हाने माझा रंग असा झालाय की दाजी म्हणतात, तू आता बोटीवर शोभशील. अप्पा भेटले की माझी पाठ थोपटतात. वाफा छान आहे. आठाची चोवीस रोपं झाली. हल्ली एकवीस फुलं काढूनही पन्नास-साठ फुलं झाडावरच सुकतात.

काल मला राहवलं नाही. मी म्हटलं, अगं, देवांचं रोज पोचतंय, वर एवढी फुलं वाया जातायत, एक वळेसार गुंफ आणि घाल डोक्यात. घरातल्या घरात. कोण बघतंय?

ती वाफ्यापुढे उभी होती. एक तुरा तिने खुडलासुद्धा, कानापर्यंत नेला. मग रस्त्याकडे बघितलं, या बाजूला, त्या बाजूला, आणि हात खाली घेतला.

"नको ओ," ती म्हणाली. "वयनीक कळला तर?"